अर्ज आला कुठून?

वर्तमानपत्रातल्या ‘पाहिजेत’ या मथळ्याखालच्या छोट्या जाहिराती ज्यांनी कधी पेन्सिलीने खुणा करत वाचल्या आहेत, त्यांना ‘बॉक्स नंबर’ आठवत असेल. कंपनीचे नाव नाही, पत्ता नाही. अर्ज अमुक क्रमांकाच्या बॉक्सवर, वर्तमानपत्राच्या कचेरीत पाठवायचा. कंपनीला आपले नाव झाकायचे आहे, एवढेच उमेदवाराला कळे. त्या क्रमांकाचे दुसरे काम त्याच्या ध्यानात येत नसे. एकच जाहिरात दोन पेपरांत दिलेली असली, की अर्ज कोणत्या पेपरामुळे आला हे कारकुनाला पाकीट न फोडताच समजे.

आज त्या कारकुनाच्या जागी भरतीचे सॉफ्टवेअर बसले आहे. कंपन्यांतली माणसे त्याला ‘एटीएस’ म्हणतात. त्यात प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे एक रकाना असतो: ‘सोर्स’. पोर्टल, रेफरल, कन्सल्टन्सी, कॅम्पस, वॉक-इन, कंपनीची वेबसाइट, यांपैकी काहीतरी तिथे भरावेच लागते. दिसायला रकाना किरकोळ. पण पोर्टलचे सदस्यत्व पुढच्या वर्षी चालू ठेवायचे की नाही, कोणत्या कॉलेजात पुन्हा जायचे, कोणत्या कन्सल्टन्सीचे बिल पास करायचे आणि कोणत्या कर्मचाऱ्याला रेफरलचा बोनस द्यायचा, हे त्याच्यावरूनच ठरते. हे पुस्तक त्या एका रकान्याबद्दल आहे. एका रकान्यावर अख्खे पुस्तक कशाला, असे ज्याला वाटेल त्याने मार्च महिन्यात एखाद्या एचआर विभागात तासभर बसून पाहावे.

नवख्या वाचकाला या क्षेत्राचा नकाशा हवा असेल, तर सुरुवात संगणकापासून करून चालणार नाही. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापडगिरणी उभी करायला घेतली. पुढच्या पाऊणशे वर्षांत रत्नागिरीतून, तसेच सातारा आणि घाटावरच्या इतर भागांतून आलेल्या माणसांनी गिरणगाव भरून गेले. या माणसांना कामावर घेई तो जॉबर. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. जॉबर आपल्या गावचा, भावकीतला, चाळीतला माणूस आणी आणि कामाला लावल्याबद्दल त्याच्याकडून दस्तुरी घेई. गिरणीच्या दप्तरात त्या कामगाराबद्दल फारसे काही नसे. कोण कुठून आला याची नोंद होती, पण ती जॉबरच्या डोक्यात, आणि ती त्याच्या डोक्यात असण्यावरच त्याची मिळकत चालत होती.

१९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कोरडे ओढले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी कार्डांची योजना आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना कार्ड द्यायचे, त्यांनी रोज सकाळी दारात हजर राहायचे आणि गैरहजर कामगाराच्या जागी आधी त्यांनाच घ्यायचे. जॉबरच्या डोक्यातली वही कागदावर उतरवून घेण्याचा तो प्रयत्न होता. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी पुढे दाखवून दिले, की जॉबर वाटतो तितका सर्वशक्तिमान कधीच नव्हता. त्यालाही आपली माणसे, त्यांची चाळ आणि त्यांचे गाव यांच्या तंत्राने वागावे लागे. तरीही एक गोष्ट उरतेच. माणूस आणून देणाऱ्याला जिथे पैसे मिळतात, तिथे ‘हा माणूस कोणी आणला’ याची नोंद सर्वांत चोख ठेवली जाते. जिथे पैसे मिळत नाहीत, तिथे ती कोणी ठेवतच नाही. या पुस्तकातल्या बहुतेक सगळ्या भानगडी या दोन वाक्यांत सामावतात, आणि सॉफ्टवेअर आल्याने त्यात फारसा फरक पडलेला नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आणखी एक दार उघडले. महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी १९४५ मध्ये सरकारने स्वतंत्र यंत्रणा उभारली आणि तिच्यातून एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजांचे जाळे विणले गेले. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा या कचेऱ्यांना कळवणे मालकांना बंधनकारक केले. त्यानंतर दोन पिढ्यांच्या मराठी घरांत ‘एक्स्चेंजमध्ये नाव घातलंय, कॉल येईल’ हे वाक्य देवाच्या नावासारखे घेतले जाई. बऱ्याच सरकारी नोकऱ्यांपुरता तेव्हा ‘सोर्स’ एकच होता: सरकारी यादी. ही यादीच पुरेशी आहे का, असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आंध्र प्रदेशातल्या मलकापट्टणमच्या अबकारी अधीक्षकांच्या प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले, की एक्स्चेंजकडून नावे मागवाच, पण वर्तमानपत्रांत जाहिरात द्या, कचेरीच्या फळ्यावर लावा, रेडिओ-टीव्हीवरही सांगा. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, संजीव बिखचंदानी यांची नौकरी डॉट कॉम सुरू झाली. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण एका दाराचा जमाना संपला, हे दोन्हींकडे पाहिल्यावर कळते.

अमेरिकेत हे तीन वर्षे आधी घडले होते. जेफ टेलर यांनी १९९४ मध्ये ‘मॉन्स्टर बोर्ड’ काढला. मग २००३ मध्ये लिंक्डइन आले आणि २००४ मध्ये सगळीकडच्या जाहिराती गोळा करून एका जागी दाखवणारे इंडीड आले. दारे वाढली तशी प्रत्येक दारावर कोण उभे आहे हे मोजायची गरजही वाढली. इथूनच एटीएसमधला तो रकाना महत्त्वाचा होत गेला.

मोजायचे कसे, याबद्दल मात्र एकमत नाही. गाण्यात घराणी असतात तशी इथेही आहेत, आणि एका घराण्याचा गवई दुसऱ्याच्या मैफलीला सहसा जात नाही.

पहिले घराणे हिशेबनिसांचे, आणि त्याचे मूळ जाहिरातीच्या धंद्यात आहे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकी जाहिरातकाराने १९२३ मध्ये ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ हे छोटे पुस्तक लिहिले. प्रत्येक जाहिरातीच्या कूपनवर वेगळी खूण ठेवा, कोणत्या खुणेची कूपने किती परत येतात ते मोजा आणि जी जाहिरात खर्च भरून काढत नाही ती बंद करा, एवढाच त्याचा आग्रह होता. भरतीतला ‘दर माणशी खर्च’ हा हिशेब त्याच घरातला. अमेरिकेत २०१२ मध्ये त्याचे रीतसर मानकही ठरले: बाहेरचा खर्च अधिक आतला खर्च, भागिले नेमलेली माणसे. हे घराणे उपयोगी आहे, पण त्याला फक्त खर्च दिसतो. माणूस वर्षभर टिकला की पहिल्या पावसाळ्यात गावी गेला तो परत आलाच नाही, हे त्याच्या वहीत येत नाही.

टिकण्याचा प्रश्न दुसऱ्या घराण्याने, म्हणजे मानसशास्त्रज्ञांनी घेतला. मार्टिन गॅनन यांनी १९७१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका बँकेच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ओळखीतून आलेले किंवा पूर्वी काम करून परत आलेले कर्मचारी जास्त टिकतात आणि जाहिरातीतून किंवा एजन्सीतून आलेले लवकर सोडतात, असे दिसले. मग याचे कारण काय, यावर पुढची तीस वर्षे खल झाला. एक पक्ष म्हणाला, ओळखीतून आलेल्याला नोकरीतले काटेकुटे आधीच माहीत असतात, म्हणून त्याचा अपेक्षाभंग होत नाही. दुसरा म्हणाला, वेगवेगळ्या दारांतून मुळात वेगवेगळ्या प्रकारची माणसे येतात. गुण दाराचा नव्हे, येणाऱ्याचा. जेम्स ब्रो यांनी १९८१ मध्ये संशोधक शास्त्रज्ञांवर केलेला अभ्यास याच वादातला. २००० मध्ये झोटोली आणि वॅनस यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा ‘आतली’ दारे बाहेरच्यांपेक्षा बरी, पण फरक मोठा नाही आणि तो का पडतो हे पक्के सांगता येत नाही, अशीच गोळाबेरीज निघाली. आजही सॉफ्टवेअर विकायला येणारे लोक ‘रेफरलची माणसे टिकतात’ हे वाक्य पहिल्याच स्लाइडवर घालतात. त्यामागचा हा ‘पण’ त्या स्लाइडवर कधी मावत नाही.

तिसरे घराणे समाजशास्त्रज्ञांचे, आणि या पुस्तकाचा कल थोडा तिकडे आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७०च्या सुमारास बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ पांढरपेशा पुरुषांना विचारले: ही नोकरी कळली कशी? शंभर जणांना प्रत्यक्ष भेटून, उरलेल्यांना पत्राने. ५६ टक्के लोकांनी ओळखीचे नाव सांगितले. खरा शोध त्याच्या पुढच्या प्रश्नात होता: ज्याने सांगितले तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? ‘वरचेवर’ म्हणणारे जेमतेम १६.७ टक्के निघाले. ‘अधूनमधून’ म्हणणारे ५५.६ टक्के आणि ‘क्वचित’ म्हणणारे २७.८ टक्के. जिवलगांना तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. नवी बातमी आणतो तो लांबचा ओळखीचा. १९७३ च्या त्यांच्या निबंधातला हा विचार अर्ध्या शतकाने लिंक्डइनवर प्रयोग करून तपासला गेला. पाच वर्षांत दोन कोटी लोकांना सुचवलेल्या ओळखींवरचा तो अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला आणि बऱ्याच अंशी ग्रॅनोव्हेटर खरे ठरले. एक दुरुस्ती निघाली, की ओळख अगदीच पातळ असून भागत नाही, बेताची पातळ हवी.

आता हा लांबचा ओळखीचा माणूस एटीएसच्या कोणत्या रकान्यात बसतो? तो कंपनीत नोकरीला नाही, म्हणून ‘रेफरल’ नाही. त्याने बिल लावलेले नाही, म्हणून ‘कन्सल्टन्सी’ नाही. त्याने लिंकही पाठवलेली नाही. लग्नात पंगतीला बसल्यावर सहज बोलला. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नाही.

याच घराण्यातले रॉबर्टो फर्नांडेझ आणि त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये एका फोन सेंटरचा अभ्यास छापला. हिशेबनिसांनाही पटेल असे त्यात होते: कर्मचाऱ्याला रेफरलबद्दल २५० डॉलर दिले, तर चाळणीच्या खर्चात ४१६ डॉलर वाचतात. ओळखीचे मोल असे रुपया-आण्यात मांडलेले क्वचितच सापडते.

पण ओळखीची दुसरी बाजू मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. आपल्याकडे तिला ‘वशिला’ असा स्वतंत्र शब्द आहे. गिरण्यांच्या विणाई खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींना प्रवेश नव्हता; धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, हे त्याचे कारण दिले जाई. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. कामगारांनीच आपली माणसे आणायची अशी भरती असली, की कोण येतो याबरोबर कोण कधीच येत नाही हेही ठरून जाते. अमेरिकी न्यायालयांपुढे हाच प्रश्न आकड्यांसह आला. शिकागोतल्या एका कोरियन मालकाच्या सफाई कंपनीत १९८३ ते १९८७ या काळात घेतलेल्यांपैकी ८१ टक्के लोक कोरियन होते. त्या परगण्यातल्या कामकरी लोकांत कोरियनांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. कंपनीचे म्हणणे, कामगारच आपल्या ओळखीचे आणतात. १९९३ मध्ये न्यायमूर्ती रिचर्ड पोझनर यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला: तोंडी निरोप हा भरतीचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि तो वापरला म्हणजे जाणूनबुजून भेदभाव केला असे होत नाही. निकाल कायद्याच्या चौकटीत बसत असेल. पण स्वस्त दार आणि सर्वांसाठी उघडे दार एकच नसते, हे त्या ८१ टक्क्यांतच दिसते. २०१९ मध्ये फेसबुकने नागरी हक्क संघटनांशी तडजोड करून नोकरीच्या जाहिराती वय आणि लिंग पाहून दाखवणे बंद करण्याचे कबूल केले, तेव्हा हाच वाद नव्या यंत्रावर आला होता. जाहिरात दिली होती, पण ती दिसली कोणाला?

इथवरचा इतिहास झाल्यावर वाचकाला यंत्राच्या पोटात डोकवायला हरकत नाही.

सॉफ्टवेअरला स्रोत कळतो तो मोजक्या वाटांनी. पहिली वाट लिंकला चिकटवलेल्या शेपटीची. ‘यूटीएम’ हे नाव भरतीतल्या मुलामुलींच्या तोंडी असते, पण त्यातला ‘यू’ म्हणजे ‘अर्चिन’ ही कंपनी, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २००५ मध्ये ती गूगलने विकत घेतली आणि तिच्यातून गूगल अ‍ॅनालिटिक्स उभे राहिले. कंपनी गेली, शेपूट राहिले. भरतीच्या सॉफ्टवेअरांनी आपापली शेपटे काढली आहेत; प्रत्येक पोर्टलसाठी, प्रत्येक पोस्टसाठी वेगळी. हॉपकिन्सच्या कूपनावरची खूण ती हीच, फक्त कात्रीऐवजी बोटाने कापायची.

दुसरी वाट ब्राउझर स्वतः सांगतो ती: हा माणूस कोणत्या पानावरून आला. या निरोपाच्या इंग्रजी नावातला एक ‘आर’ १९९०च्या दशकात नियम लिहितानाच गळाला आणि जगभर आजही तो चुकीच्या स्पेलिंगनेच चालतो. हा निरोप भरवशाचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपमधल्या लिंकवरून आलेला माणूस बहुधा निरोपाशिवायच येतो, आणि मग यंत्र त्याला ‘थेट आला’ म्हणून नोंदवते. अलेक्सिस मॅड्रिगल या पत्रकाराने २०१२ मध्ये अशा न दिसणाऱ्या देवाणघेवाणीला ‘डार्क सोशल’ म्हटले. ज्या देशात कॉलेजच्या बॅचपासून सोसायटीपर्यंत सगळ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, तिथे ‘थेट’ हा आकडा फुगलेला दिसला तर नवल नाही.

तिसरी वाट कुकीची. नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये ती काढली. आज पोर्टलवर जाहिरात पाहिली आणि पंधरा दिवसांनी अर्ज केला, तर मधला धागा कुकी जोडते. निदान जोडायची. अ‍ॅपलच्या सफारीने २०१९ मध्ये अशा बऱ्याच कुकींचे आयुष्य सात दिवसांवर आणले. आपल्याकडे तीन-तीन महिन्यांचा नोटिस पीरियड असतो आणि माणूस महिनाभर विचार करून अर्ज करतो. तिथे सात दिवस म्हणजे काहीच नाही.

उरलेल्या वाटा माणसांच्या. अर्जाच्या शेवटी ‘आमच्याबद्दल कुठून कळले?’ असा प्रश्न आणि खाली यादी. दमलेला उमेदवार यादीतला वरचा पर्याय दाबून मोकळा होतो. डोळ्यांनी वाचायच्या यादीत वरच्या पर्यायांना झुकते माप मिळते, हे मतपाहणी करणाऱ्यांना १९८०च्या दशकापासून माहीत आहे. शेवटची वाट खुद्द भरती करणाऱ्याची. मेलवर आलेला सीव्ही हाताने चढवताना ‘सोर्स काय टाकू?’ असे तो शेजारच्याला विचारतो, आणि शेजारचा म्हणतो, ‘टाक पोर्टल.’

समजा, सातपूरच्या एका कारखान्याला टूल रूमसाठी डिप्लोमा झालेली मुलगी किंवा मुलगा हवा आहे. जाहिरात पोर्टलवर टाकली. तिथून एका शिक्षकाने स्क्रीनशॉट काढून माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. सिन्नरच्या एका मुलीने तो पाहिला, आतेभावाला फोन केला, तो शेजारच्याच प्लॉटवर कामाला. तो म्हणाला, कंपनी बरी आहे, पगार वेळेवर होतो. मग तिने गूगलवर नाव शोधले, कंपनीची वेबसाइट उघडली आणि अर्ज भरला. सॉफ्टवेअरने लिहिले: ‘कंपनीची वेबसाइट’. वर्षअखेरच्या तक्त्यात वेबसाइट पहिली आली, आणि पोर्टलचे पैसे वाया जातात असे ठरले. पोर्टल बंद केले, तर त्या शिक्षकाला स्क्रीनशॉट कुठून मिळणार? जेरी क्रिस्पिन आणि मार्क मेहलर या अमेरिकी जोडीने मोठ्या कंपन्यांच्या भरतीच्या स्रोतांची पाहणी वर्षानुवर्षे केली, त्यांनाही या ‘वेबसाइट’ नावाच्या उत्तराने छळले. वेबसाइट म्हणजे दार. दारापर्यंत कोणी आणले ते दाराला विचारून उपयोग नाही.

यावर उपाय म्हणून काही सॉफ्टवेअर पहिल्या स्पर्शाला श्रेय देतात, काही शेवटच्या, काही वाटून देतात. सिन्नरच्या मुलीच्या बाबतीत यांतले कोणते खरे? सगळीच आणि कोणतेच नाही. या पुस्तकाची भूमिका अशी, की स्रोत ही सापडणारी गोष्ट नसून ठरवायची गोष्ट आहे, आणि आपण कोणत्या प्रश्नासाठी ठरवतो आहोत हे आधी ठरवल्याशिवाय कोणतेही सॉफ्टवेअर ती ठरवून देणार नाही. पैसे कुठे घालायचे हा एक प्रश्न. बोनस कोणाला हा दुसरा. कोणत्या वस्तीतून, कोणत्या कॉलेजातून कोणीच येत नाही, हा तिसरा. तिन्हींना एकच रकाना पुरत नाही. लिव्हर या अमेरिकी सॉफ्टवेअरने तर ‘ओरिजिन’ आणि ‘सोर्स’ असे दोन रकाने वेगळे केले: माणूस स्वतः आला की आपण त्याला शोधून आणले हे एकात, आणि कुठून हे दुसऱ्यात. नौकरीच्या रेझडेक्समध्ये सीव्ही शोधून फोन केलेला उमेदवार आणि त्याच पोर्टलवर जाहिरात वाचून अर्ज केलेला उमेदवार, दोघांपुढे ‘नौकरी’ लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पहिल्यामागे कोणाची तरी दिवसभराची मेहनत आहे.

सर्वांत कडाक्याची भांडणे कन्सल्टन्सीवरून होतात. नेहमीचा दर ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगारातला एक महिना. एकच सीव्ही तीन कन्सल्टन्सींनी पाठवलेला असतो, त्यातल्या दोघींनी उमेदवाराला विचारलेलेही नसते, आणि चौथीकडे म्हणजे कंपनीच्याच जुन्या फोल्डरमध्ये तो दोन वर्षांपासून पडून असतो. मग ‘हा आमचा कँडिडेट’ सुरू होते. करारात ठरलेली मुदत, पोर्टलवरची तारीख, मिनिटांपर्यंतची वेळ, सगळे काढले जाते. फोन नंबरातला एक आकडा बदलून तोच माणूस ‘नवा’ म्हणून चढवण्याची युक्ती ज्याला माहीत नाही, तो या धंद्यात नवा समजावा. दस्तुरी गेली, मुदत आली. नोंदीची चोख निगा मात्र पूर्वीसारखी तिथेच, जिथे बिल आहे.

हे सगळे आताच का लिहावे? एक कारण असे, की एका बोटाने पन्नास ठिकाणी अर्ज करता येतात आणि मजकूर यंत्र लिहून देते, म्हणून अर्जांची संख्या हा आकडाच पोकळ झाला आहे. ज्या दारातून हजार अर्ज येतात ते चांगले दार, असे मानायची सोय उरलेली नाही. मोजायचे तर रुजू झालेले आणि सहा महिन्यांनी हजर असलेले मोजावे लागतात. दुसरे कारण कायद्याचे. २०२३ मध्ये देशाने डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा केला. उमेदवाराची माहिती कशासाठी घेतली, हे त्या कायद्यानुसार सांगता यायला हवे, आणि न विचारता पाठवलेल्या सीव्हींचे ते जुने फोल्डर एकाएकी अडचणीचे झाले आहेत. तिसरे कारण लहान आहे, पण बहुसंख्य वाचकांचे तेच आहे. वर्षाला चाळीस माणसे घेणाऱ्या कारखान्यात, रुग्णालयात किंवा पतपेढीत टक्केवारी काढणे धोक्याचे असते. पेपरातल्या जाहिरातीतून तिघे आले आणि दोघे घेतले, तर तक्त्यात ६७ टक्के यश झळकते आणि साहेब खूश होऊन पुढच्या वर्षी अर्धे पान घेतात.

या क्षेत्रावरची इंग्रजी पुस्तके हजारो माणसे घेणाऱ्या कंपन्यांसाठी लिहिलेली असतात. प्रस्तुत पुस्तक चाकण, सातपूर, वाळूज, बुटीबोरी अशा वसाहतींतल्या मध्यम आस्थापना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे, जिथे एटीएस म्हणजे कधी झोहो रिक्रूट असते, कधी नुसती एक्सेलची शीट असते, आणि एचआर म्हणजे दीड माणूस. सॉफ्टवेअरची तुलना करून अमुक घ्या असा सल्ला त्यात नाही, कारण तो छापून होईपर्यंत शिळा होतो. यंत्राची कळ कुठे आहे यापेक्षा रकान्यात काय लिहायचे हे कोणी, केव्हा आणि कोणत्या पुराव्यावर ठरवायचे, यावर त्यात जास्त पाने आहेत. गिरणगावापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंतचा इतिहास त्यात आहे तो शोभेसाठी नाही. जॉबर ओळखता आला नाही, तर त्याचा आजचा वारस ओळखता येत नाही. ‘वशिला’ आणि ‘रेफरल’ यांच्यात नेमका फरक कुठे पडतो, या प्रश्नावर मात्र पुस्तक थोडे घुटमळते. त्या जागी ते अधिक धीट असायला हवे होते, असे प्रस्तावना लिहिताना वाटून गेले.

वाचकांना एक विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्याआधी आपल्याकडे शेवटी रुजू झालेल्या पंचवीस जणांची यादी काढावी, प्रत्येकाला चहाला बोलवावे आणि विचारावे, ‘ही जागा तुला पहिल्यांदा कोणी सांगितली?’ उत्तर वहीत लिहावे. मग सॉफ्टवेअर उघडून त्याच पंचवीस नावांपुढचा रकाना पाहावा आणि दोन्हींत किती ठिकाणी फरक पडला ते मोजावे. तो आकडा या पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवण्यासाठी एक चौकट मुद्दाम कोरी सोडली आहे.